हिचं वय कुठं बघायचं?

गेल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी कोल्हापुरात रुईकर कॉलनीत एक जुनी इलेक्ट्रिक गाडी पाहायला गेले आणि सोबत आमच्या मिस्त्रींना घेऊन गेले. एकोणतीस वर्षे आमच्या घरातल्या गाड्या त्यांच्याच हाताखालून गेलेल्या असल्यामुळे त्यांना न दाखवता गाडी घेणे म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याला न विचारता सोयरीक जुळवण्यासारखे झाले असते. फाटकातून आत शिरताच त्यांनी सवयीने उजवा तळहात बॉनेटवर उलटा टेकवला. विकणारा माणूस गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन तापवून ठेवतो, म्हणजे थंड इंजिनाची कुरकुर ऐकू येत नाही. म्हणून गाडी पाहण्याआधी बॉनेट गार आहे की नाही हे पाहायचे, हा त्यांचा पहिला नियम. बॉनेट गार होते. मालकांनी ते उघडून दाखवले. आत एक करड्या रंगाची धातूची पेटी होती, तिच्यातून निघालेल्या अंगठ्याएवढ्या जाड केशरी तारा होत्या आणि कोपऱ्यात एक नेहमीची बारा व्होल्टची बॅटरी होती. मिस्त्रींनी वाकून पाहिले, हात पुढे केला आणि केशरी तारांपाशी येताच तो मागे घेतला. मग दोन्ही हात पँटच्या खिशात घालून ते माझ्याकडे वळले.

“हिचं वय कुठं बघायचं, ताई?”

मालक हसले, मीही हसले. गाडीचे वय तर कागदावर होते: नोंदणी २०२०ची, मीटर बासष्ट हजार किलोमीटर, मागणी सात लाखांची. पण मिस्त्री नोंदणीच्या वर्षाबद्दल विचारत नव्हते, हे आम्हा दोघांनाही कळत होते. त्यांचा प्रश्न घरी आल्यावरही माझ्या डोक्यातून गेला नाही आणि त्याचे एक कारण असे होते की त्यांना गाडीपुढे हात खिशात घालून उभे राहिलेले मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले होते.

जुन्या पेट्रोल गाडीचे वय ते कसे पाहतात, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. इंजिन चालू करून ऑइल भरण्याचे झाकण उघडायचे आणि त्यातून धूर किती जोराने येतो ते पाहायचे. रिंगा झिजल्या असतील तर तिथून भकाभका वाफारे निघतात. डिपस्टिक काढून तिच्या टोकाचे ऑइल अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळायचे आणि मग नाकाशी धरायचे. सायलेन्सरमागे पांढरा रुमाल धरायचा. दाराच्या खांबावरचे रबर उपसून आतले वेल्डिंगचे ठिपके एकसारखे आहेत का ते पाहायचे, कारण ठोकलेली गाडी तिथे पकडली जाते. चारही काचांवरचे बारीक आकडे जुळतात का, टायरवरच्या चार अंकांतून निघणारा आठवडा आणि साल काय सांगते, पत्र्यावर टिचकी मारल्यावर खणखणते की पुट्टी भरल्यासारखे बद्द वाजते. आणि सर्वांत शेवटी खाली वाकून ब्रेकच्या पेडलवरचे रबर पाहायचे. मीटर मागे फिरवता येतो, पण माणसाचा पाय पेडलवर किती वेळा पडला हे रबराच्या झिजलेल्या कडेवर लिहिलेले असते. आणि जुन्या गाडीला कोरे रबर बसवलेले दिसले तर तिथून सरळ उठून यायचे. ही सारी तपासणी अर्ध्या तासाची. त्यात एकही यंत्र लागत नाही. डोळे, कान, नाक आणि बोटे एवढ्यावर भागते.

हे त्यांनी ज्यांच्याकडून उचलले, त्या त्यांच्या वस्तादांनी १९९६ साली आमच्या अण्णांना मारुती ८०० घेऊन दिली होती. गाडी १९८८ची, पांढरी, आधी दोन मालक झालेली आणि किंमत एक लाख पाच हजार. अण्णांनी त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढले होते आणि आईने हा खर्च मनापासून मान्य केला नव्हता, तरी गाडी दारात आली तेव्हा तिनेच चाकांखाली लिंबे ठेवली. आमचे आताचे मिस्त्री तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे पोरगे होते आणि वस्तादांच्या हाताखाली पाने पुसायला होते. त्या गाडीचा वास मला अजून आठवतो: उन्हाने तापलेले रेक्झिन, थोडेसे पेट्रोल आणि डॅशबोर्डवर वाळून गेलेल्या मोगऱ्याचा वास. थंडीत चोक ओढल्याशिवाय ती चालू होत नसे, आणि चोक किती ओढायचा याबद्दल अण्णांचे आणि आईचे एकमत कधीच झाले नाही.

त्या गाडीचे इंजिन म्हणजे ७९६ सीसीचा तीन सिलिंडरचा एक साधा ठोकळा. २००१ साली ते ऑइल प्यायला लागले तेव्हा आमच्या ओळखीच्या एका सद्गृहस्थांनी गाडी मोडीत काढा असे सांगितले. वस्तादांनी ते खाली उतरवले आणि शिवाजी उद्यमनगरात नेले. ज्यांनी उद्यमनगर पाहिले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. एका गल्लीत सिलिंडर बोअर करून मिळतो, दुसरीत क्रँक ग्राइंड होते, तिसरीत व्हॉल्व्हच्या बैठका घासून देतात आणि जो भाग बाजारात मिळत नाही तो कुणीतरी जुन्या भागाचे माप घेऊन लेथवर बनवून देतो. शेतीच्या पंपांची इंजिने आणि ओतीव काम यांवर वाढलेल्या त्या वस्तीला मोटारीचे इंजिन काही परके नव्हते. चार दिवसांनी ओव्हरसाइज पिस्टन घेऊन आमची गाडी घरी परतली आणि आणखी सहा वर्षे धावली. खर्च किती आला ते आता आठवत नाही. अण्णांनी तो दोन हप्त्यांत दिला आणि वस्तादांनी तो दोन हप्त्यांत घेतला, एवढे आठवते. गाडी टिकाऊ आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्या टिकाऊपणात मूळ कारखान्याचा वाटा किती आणि उद्यमनगरातल्या त्या तीन गल्ल्यांचा किती, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

२००७ साली अण्णांनी ती पन्हाळ्याच्या बाजूच्या एका दूधवाल्याला अठरा हजारांना दिली. त्याने मागची बैठक काढून टाकली आणि तिथे कॅन ठेवायला लागला. एकदा रंकाळ्याजवळ ती मला दिसली. मागचा भाग भाराने खाली टेकला होता, हॉर्न मात्र तोच होता. अण्णांना सांगितले तर त्यांनी नुसते “चालतीय ना?” एवढेच विचारले. आज वाटते, तो दूधवाला त्या गाडीचा चौथा मालक होता आणि चौघांपैकी खरी गरज त्याचीच होती. गाडी अशीच उतरंडीने खाली येत असते. वरच्या पायरीवरच्याला ती जुनी झाली म्हणून नकोशी होते आणि खालच्या पायरीवरच्याला ती जुनी झाली म्हणूनच परवडते. फक्त प्रत्येक पायरीवर तिला उभी करणारा एक मिस्त्री लागतो.

आमच्याकडे सध्या २००९ची वॅगन आर आहे. तिची पंधरा वर्षे २०२४ मध्ये भरली. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांचीच असते, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांची मुदत वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून थेट पाच हजारांवर गेले आहे, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीसाठी २०२५ मध्ये ते दहा हजार झाले. शिवाय पर्यावरण कर वेगळा. मी ते सारे भरले, आरटीओत दिवस घालवला, नंतर सर्वांच्या बरोबरीने रांगेत उभी राहून उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घेतली. सोळा वर्षांच्या गाडीवर ती चकचकीत प्लेट म्हाताऱ्या माणसाला बसवलेल्या नव्या कवळीसारखी दिसते. म्हातारीची तब्येत उत्तम आहे, एवढेच की गेल्या वर्षी तिची पेट्रोलची रबरी नळी तडकली आणि बंपरखाली ओल दिसू लागली. मिस्त्रींनी दोष इथेनॉलला दिला. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि जुन्या गाड्यांच्या नळ्या-वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते हे खरेच आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असल्याने सरासरीही थोडी उतरते. पण सोळा वर्षांचे रबर एरवीही तडकलेच असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. गंमत एवढीच की इथेनॉल उसापासूनही बनते, आणि कोल्हापूर जिल्ह्यात राहून उसाला नावे ठेवणे जड जाते.

दिल्लीत तर पंधरा वर्षांची पेट्रोल आणि दहा वर्षांची डिझेल गाडी रस्त्यावर आणायलाच मनाई झाली होती. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन द्यायचे नाही असे ठरले, आठवडाभरातच ते पुढे ढकलावे लागले, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ वयाच्या आधारावर मालकांवर कारवाई करू नये असे सांगितले. या सगळ्या वर्षांत दिल्लीच्या कित्येक गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत उतरल्या. ‘दिल्ली पासिंग’ हा शब्द आमच्याकडे जुन्या गाड्यांच्या बाजारात चांगलाच रुळला आहे. किंमत ऐकून माणूस हुरळतो आणि मग इथला रस्ता कर भरताना शुद्धीवर येतो. मला त्या गाड्या पाहिल्या की विचित्र वाटते. इंजिन ठणठणीत, बैठका कोऱ्या, कुणाच्या तरी जपणुकीची खूण म्हणून मागच्या काचेवर मुलांचे स्टिकर. आणि तरीही कागदावर त्या संपलेल्या. आमच्या दूधवाल्याची गाडी एकोणीस वर्षांची होऊनही कागदावर काय होती, हे विचारायचे कुणाला सुचलेसुद्धा नव्हते. धूर मात्र ती बराच सोडत होती, आणि तिच्यामागे दुचाकीवर कुणीतरी असेलच, हेही मला आज आठवल्याशिवाय राहत नाही.

मग मला इलेक्ट्रिक गाडी का हवी होती? उत्तर साधे आहे. मी इचलकरंजीच्या एका महाविद्यालयात शिकवते. जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतात, आणि पेट्रोलला किलोमीटरमागे साडेसहा-सात रुपये पडतात तिथे घरी चार्ज केलेल्या विजेला दीड-दोन रुपये पडतात. नवी इलेक्ट्रिक गाडी माझ्या आवाक्याबाहेरची. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या उतरल्या, तशा जुन्यांच्या किमतीही हलल्या. पाच वर्षांची इलेक्ट्रिक गाडी नव्याच्या निम्म्यात मिळू लागली. किंमत एवढी कशी पडली, असे वाटले तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. ती पडते ती भीतीने. बॅटरी गेली तर काय, हा एकच प्रश्न त्या निम्म्या किमतीत भरलेला असतो, कारण नवा बॅटरी संच काही लाखांना पडतो.

आणि ही भीती तपासायची कशी, हेच मिस्त्री विचारत होते. या गाडीला इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही. झिजणारे भाग पेट्रोल गाडीच्या मानाने फार थोडे. त्या दृष्टीने ती वॅगन आरपेक्षा कितीतरी जास्त टिकायला हवी. पण तिचे म्हातारपण एकाच जागी साठलेले असते, गाडीच्या पोटाखाली, बॅटरीच्या सीलबंद पेटीत, तीनशेच्या वर व्होल्टच्या दाबाखाली. ती पेटी वापराने थकते तशी नुसती उभी राहूनही थकते. कडक ऊन, नेहमी काठोकाठ भरून ठेवणे, सारखे जलद चार्जिंग, याने ती लवकर थकते. थकवा किती, ते आतले यंत्र एका टक्केवारीत सांगते, पण ती टक्केवारीही शेवटी अंदाजच असतो. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत जी लोह-फॉस्फेटची बॅटरी असते ती दीर्घायुषी खरी, पण तिचा व्होल्टेज भरलेली असताना आणि अर्धी असताना जवळजवळ सारखाच राहतो. म्हणून मधूनमधून ती पूर्ण भरली नाही तर गाडीलाच आपल्या पोटात किती आहे ते नीट कळत नाही. नव्वदी ओलांडलेली आमची एक आत्या होती, तिला भूक किती लागली आहे ते पान वाढल्यावरच कळत असे. पण आत्याचा हात हातात घेता येत होता.

राहिली हमी. बॅटरीवर आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांतले जे आधी येईल ते, ही हमी सर्वसाधारण झाली आहे. अलीकडे काही कंपन्या आजीवन हमी देतात. मी एका शोरूमात ते कागद बारकाईने वाचले. आजीवन म्हणजे नोंदणीपासून पंधरा वर्षे, आणि तीही पहिल्या मालकापुरती. गाडी विकली की पुन्हा वर्षे आणि किलोमीटरची कुंपणे. म्हणजे ‘आजीवन’ शब्दातले जीवन ना गाडीचे आहे ना माणसाचे. ते गाडी आणि पहिला मालक यांच्या संसाराचे आहे. दुसऱ्या मालकाला शिल्लक राहिलेली वर्षे मिळतात आणि चौथ्याला बहुधा नुसता कागद. मला तो दूधवाला आठवला. २०३५ साली अशी एखादी गाडी त्याच्या मुलाच्या दारात अठरा हजारांना नाही तर दीड लाखाला येईल, तेव्हा ती थकलेली पेटी उघडून त्यातले मेलेले सेल बदलून देणारे कुणी उद्यमनगरात असेल का? असे काम करणारे तरुण मोठ्या शहरांत दिसू लागले आहेत, रिक्षांच्या आणि स्कूटरच्या बॅटऱ्यांवर हात बसवत आहेत. पण तो मुलगा गाडी चार्ज कुठे करणार? माझ्याकडे निदान पार्किंग आहे. शहरातल्या पेठांत गाडी गल्लीच्या तोंडाशी लागते आणि घर आत चार दारे सोडून असते. शिवाय अर्थिंग नीट नसेल तर गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवून चक्क नकार देतो, आणि जुन्या घरांत अर्थिंगच्या नावाने आनंदच असतो.

कोल्हापुरात जुनी गाडी घेताना आणखी एक तपासणी करावी लागते, ती मी विसरले होते. मिस्त्री विसरले नव्हते.

त्यांनी खिशातून हात काढले, पुढचा सीटबेल्ट टोकापर्यंत पूर्ण ओढला आणि त्याचा वास घेतला. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, शिरोलीजवळ महामार्ग कितीतरी दिवस बंद राहिला. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकायला निघाल्या. बैठका बदलतात, गालिचे बदलतात, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून कुणी धूत नाही, आणि त्या गुंडाळीच्या आतल्या वीतभर पट्ट्यात गाळाचा वास वर्षानुवर्षे बसून राहतो. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नाही, ती आमच्या नदीने शिकवलेली आहे. “कोरडा हाय,” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या सकाळी पहिल्यांदा थोडा रंग आला.

तो फार वेळ टिकला नाही. मग ते पेडलपाशी वाकले आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले की रबर बदललेले आहे, बासष्ट हजारांत ब्रेकच्या रबराची कड अशी धारदार राहत नाही, तेव्हा चला इथून. मी ते मालकांना जरा सौम्य करून विचारले. ते रागावले नाहीत. त्यांनी सांगितले की या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटारच गाडीला मागे ओढते आणि ती शक्ती वीज होऊन बॅटरीत जाते, म्हणून ब्रेकवर पाय फार कमी जातो. मिस्त्रींनी पुन्हा वाकून पाहिले. अ‍ॅक्सिलरेटरचे रबर खरोखरच गुळगुळीत झाले होते. एकोणतीस वर्षे ज्या खुणेने खोटे पकडले, तिने आज एका खऱ्या माणसाला खोटे ठरवले होते, आणि ते मिस्त्रींना लागले असावे, कारण बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मलाही अपराधी वाटले. त्यांना मी मदतीला आणले होते की साक्षीला, ते माझे मलाच कळेना.

शेवटी असे ठरले की मालकांनी गाडी रात्रभर लावून काठोकाठ भरायची आणि पुढच्या रविवारी आम्ही तिघांनी तवंदी घाटापर्यंत जाऊन यायचे. मिस्त्री येतील असे मला वाटले नव्हते. ते सकाळी सहाला वही घेऊन हजर होते. कागलच्या पुढे ऊसतोडीच्या बैलगाड्या लागल्या, निपाणीत चहा झाला, घाट चढताना टक्के भराभर उतरले आणि उतरताना एक-दोन परत चढले, तेव्हा मागच्या बैठकीवरून “आयला” एवढा एकच शब्द ऐकू आला. परत येईपर्यंत शहाण्णव किलोमीटर झाले आणि अठ्ठेचाळीस टक्के खर्ची पडले. गाडी युनिटमागे ७.१ किलोमीटर दाखवत होती, म्हणजे साडेतेरा युनिटे गेली; साडेतेरा जर अठ्ठेचाळीस टक्के, तर पूर्ण भरलेल्या बॅटरीत सारी मिळून अठ्ठावीस. नवी असताना तीस. हे गणित मिस्त्रींनीच वहीत मांडले, दोनदा मांडले आणि माझ्याकडून तपासून घेतले. मी कौतुक केले तर म्हणाले की हे तर शाळेतले त्रैराशिक, यात मिस्त्रीचे काय काम.

शिरोली नाक्यावरून आम्ही आत वळलो. काचा खाली होत्या, इंजिनाचा आवाज नव्हताच, आणि खराब रस्त्यावर गाडी एका खड्ड्यातून गेली. मिस्त्री एकदम पुढे सरकले, हात वर करून त्यांनी आम्हाला गप्प केले. मालकांनी गाडी मागे घेऊन पुन्हा त्याच खड्ड्यातून हळू नेली. मला काहीच ऐकू आले नाही.

“डावीकडचा. लोअर आर्मचा बुश गेलाय,” ते म्हणाले, आणि वही उघडून अठ्ठावीसच्या खाली त्यांनी ते लिहून घेतले.